दादाची भातसा आणि माझी काळू

माझ्यासाठी मुलगा बघायला दादा मुरबाडच्या बाजूला गेला होता. सबंध दिवस घालवून संध्याकाळी परत आला आणि आईनं पाण्याचा तांब्या हातात द्यायच्या आधीच म्हणाला, "मागच्या दारी काळू आहे."

"ते असू दे. मुलगा कसा आहे?" आईनं विचारलं.

"नदी बारमाही नाय. पण काठ चांगला आहे. दगडी पायऱ्या आहेत चार."

"अरे, मुलगा!"

"मुलगा..." दादा आठवायला लागला. "आहे की. उंच आहे बहुतेक. मी मागे पाणी बघत होतो, तिथं तो चहा घेऊन आला."

एवढ्या माहितीवर माझं लग्न झालं. वडील लवकर गेलेले, त्यामुळे दादानं बघितलं म्हणजे सगळ्यांनी बघितलं. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा कळलं की मुलगा उंच वगैरे काही नाही. त्या दिवशी तो वरच्या पायरीवर उभा असणार आणि दादा खालच्या. आमचे हे अजून मला ऐकवतात, "तुला मी नाही, नदी पसंत केली होती." मी म्हणते, "तुमचं निदान चहावर निभावलं. माझ्या वाट्याला काय आलं ते बघा."

माझा दादा शहापूरच्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवायचा. पण तालुक्यात त्याला ड्रॉइंगमास्तर कुणी म्हणत नसे. तो नदीमास्तर. आमचं माहेर भातसेच्या काठावर, गावाच्या शेवटच्या आळीत. तिथून खाली उतरलं की नदीच्या वळणावर एक पसरट काळा खडक आहे आणि पलीकडच्या काठाला दोन उंबर. त्या खडकावर बसून दादानं चाळीसएक वर्षं तीच नदी, तेच वळण आणि तेच दोन उंबर काढले. कुणी म्हणालं, "मास्तर, एकदा माहुली काढा, किल्ला काय सुंदर दिसतो," तर तो म्हणे, "काढतो की. हिच्यात पडलेला दिसला की काढतो."

लहानपणी माझं काम बरणी धरायचं. आईची लोणच्याची काचेची बरणी दादानं ढापली होती. तिच्यात नदीचं पाणी भरायचं आणि तो मागेल तेव्हा पुढे करायची. मी आठ वर्षांची, तो अठराचा. मला वाटायचं, एवढा वेळ बरणी धरून बसलेय तर हा कधीतरी आपल्याला चित्रात घेईल. खडकावर बसलेली दोन वेण्यांची मुलगी, काय वाईट दिसली असती? एकदा विचारलंसुद्धा. तो ब्रश झटकत म्हणाला, "तू हलतेस."

"आणि नदी काय शाळेत उभी करतात तशी उभी आहे?"

"ती हलते, पण जागा सोडत नाय."

त्या दिवशी माझ्या मनात भातसेबद्दल जे काही पेटलं, ते आज पंचावन्न ओलांडली तरी पुरतं विझलेलं नाही. बायका जावेवर जळतात, नणंदेवर जळतात, शेजारणीच्या गंठणावर जळतात. मी एका नदीवर जळत आले. हे कुणाला सांगायचीसुद्धा सोय नाही. खरं तर जळायला हवं होतं वहिनीनं. पण ती निवांत. सुट्टीच्या दिवशी नवरा पहाटेच उठून नदीवर गेला की ती सुखानं पेपर वाचत बसायची. मी एकदा तिला चेतवायला गेले, तर म्हणाली, "शकूताई, ते नदीवर असतात तोवर चहा मागत नाहीत. माझं काय बिघडलंय?" अशा बाईच्या वाटचंसुद्धा मलाच जळावं लागलं.

दादाचा एक नेम होता. चित्राला पाणी भातसेचंच. घरी हंडे भरलेले असोत, शाळेत नळ वाहत असो, जलरंग कालवायला त्याला खडकाखालचं पाणी लागायचं. आषाढात नदी तांबडी लाल होऊन वाहायची, तेव्हाही तेच. "रंग मळतो रे," त्याचे सहकारी म्हणत. "मळू दे की. तिचाच रंग आहे तो," म्हणून हा बरणी बुडवायचा. त्यामुळे त्याच्या आषाढातल्या चित्रांत आभाळसुद्धा जरा चिखलाळलेलं असे, आणि दिवाळीनंतरची चित्रं अशी नितळ की कागदाखालचं दिसेल असं वाटावं.

त्याच्या तोंडी एक वाक्य कायम असायचं, "पाणी निवळू दे." नदी गढूळ असली तरी तेच आणि घरात भांडण झालं तरी तेच. वहिनीनं नवं कपाट मागितलं, पाणी निवळू दे. शाळेत हेडमास्तर रागावले, पाणी निवळू दे. माझ्या सासरी लग्नानंतर पहिल्या वर्षी काहीतरी कुरबुर झाली, मी रडत पत्र लिहिलं, तर उलट टपाली आलेल्या कार्डावर हीच तीन शब्दांची ओळ आणि खाली एक छोटंसं वळणाचं चित्र. कुणाचं वळण ते सांगायला नकोच. मी कार्ड फाडणार होते. फाडलं नाही, पण फाडणार होते हे महत्त्वाचं.

भाऊबीजेला तर माझा खरा अपमान व्हायचा. सासर सरळगावकडचं. शहापुराहून किन्हवलीमार्गे एसटीनं यायचं म्हटलं तर काही लंकेला जायचं नाही. आळीतल्या बायकांचे भाऊ कल्याण-ठाण्याहून नऊला हजर, आणि माझा भाऊ जेवणं आटोपायच्या वेळी, पिशवीतून बरणी सांभाळत, नखांत निळा रंग घेऊन. कारण काय, तर दिवाळीत नदीवर धुकं असतं, आणि साडेसातला दोन उंबरांच्या मधून ऊन येऊन धुक्यात शिरतं. ते दहा मिनिटं टिकतं. ती दहा मिनिटं सोडून मास्तर येणार कसे? मी ताट तयार करून दारात उभी. निरांजन तीनदा विझायचं. शेजारच्या काकू कुंपणावरून विचारायच्या, "आला नाही का गं भाऊ अजून?" त्या आवाजातलं "अजून" मला जेवण गोड लागू द्यायचं नाही.

ओवाळून झाल्यावर तो ताटात कधी साडी घालायचा, कधी पाकीट. एका वर्षी मी हात मागे घेतला. म्हटलं, "साडी नको. मला काळूचं चित्र काढून दे. माझ्या नदीचं."

त्यानं साडीची घडी नीट केली. मग म्हणाला, "माझी तिची ओळख नाय गं."

"मग करून घे ओळख! मागच्या दारी तर आहे!"

मग मी ओळख करून द्यायच्या मागेच लागले. पाहुणे मुलगी बघायला यावेत तसा थाट. पुढच्या भाऊबीजेच्या आदल्या दिवशी यांच्याकडून म्हशी दुसरीकडे बांधवून घेतल्या, पायऱ्या खराट्यानं झाडल्या, काठावरचे प्लास्टिकचे कागद वेचले. भाऊबीजेला दादाला संध्याकाळच्या उन्हात खालच्या पायरीवर नेऊन बसवलं आणि स्वतः वर पदर सावरून उभी राहिले. काळूही त्या दिवशी गुणी मुलीसारखी वाहत होती. दादानं कितीतरी वेळ बघितलं. मग प्रश्न सुरू केले. पावसात पाणी कितव्या पायरीला लागतं? पलीकडे तो पांढरा खडक आहे तो बुडतो का? बगळे सकाळी येतात की संध्याकाळी? मे महिन्यात डबकी कुठं कुठं उरतात? मी उत्साहानं सगळं सांगितलं, न ठाऊक असलेलंसुद्धा सांगितलं. शेवटी उठताना तो म्हणाला, "नाव काळू, पण पाणी हिरवं आहे गं." आणि बरणी पिशवीत घालून एसटीला निघाला.

झालं. मुलगी पसंत, पण लग्न नाही.

मी म्हटलं, बरोबर आहे. भातसेला धरण आहे. मुंबईला पाणी जातं म्हणून ती उन्हाळ्यातही भरल्या अंगानं वाहते. आमची काळू म्हणजे मे महिन्यात चार डबकी आणि बाकी दगड. श्रीमंताघरच्या पुढे आमच्या पोरीचं कोण कौतुक करणार? आता हे मला स्वतःसाठी वाईट वाटत होतं की काळूसाठी, ते सांगता येणार नाही. दोघींचं एकत्रच झालं होतं.

मग ते वर्ष आलं. भाऊबीजेला दादा दुपारी आला, आणि परतीची गाडीच सुटली नाही. पहिल्यांदाच तो माझ्याकडे मुक्कामाला राहिला. सकाळी उठून बघते तर मागच्या पडवीत बोर्ड मांडून बसलेला. समोर काळू, तिच्यावर छान धुकं. मी आवाज न करता चहा घेऊन गेले, त्याच्या खांद्यावरून वाकून बघितलं, आणि कागदावर काय असावं? पसरट खडक. वळण. दोन उंबर.

माझ्या घरी, माझ्या पडवीत, माझ्या नदीकडे तोंड करून हा माणूस डोळे मिटून भातसा आठवत होता!

बोलले असते तर बरं झालं असतं. आभाळाचा पहिला हात मारून झाला होता. "हे वाळू दे, तोवर आंघोळ उरकतो," म्हणून तो आत गेला. बोर्डाशेजारी ती बरणी, भातसेच्या पाण्यानं अर्धी भरलेली. मी बरणी उचलली, पाणी शेवग्याच्या बुंध्याशी ओतलं, चार पायऱ्या उतरले आणि काळूच्या पाण्यानं तेवढीच भरून आणून ठेवली. बरणीतल्या आधीच्या पाण्यात निळसर ढग होते म्हणून त्याच्या पॅलेटमधला थोडा निळा रंगही बोटानं ढवळला. चोरी करायची तर नीट करावी.

दादा आला, बसला, ब्रश बुडवला. मी दाराआड कोथिंबीर निवडत उभी. निवडलेली जुडी पुन्हा निवडली. थोड्या वेळानं तोच ओरडला, "शकू, इकडे ये. आज रंग कसा पसरतोय बघ."

"असं होय?" मी म्हटलं.

"एवढा लांब प्रवास करून आलं तरी पाणी बघ कसं वागतंय. भातसेचं पाणीच असं."

मी तोंडात पदर कोंबून आत पळाले.

चित्र असं उतरलं की त्यालाही आश्चर्य वाटलं. शिक्षकांच्या प्रदर्शनात ते ठाण्याला जाऊन आलं, लोकांनी वाखाणलं, कुणी विकत मागितलं तर त्यानं दिलं नाही. माहेरच्या बाहेरच्या खोलीत, बरोबर दारासमोर लागलं. मला वाटलं होतं, माझी काळू गुपचूप त्याच्या चित्रात घुसली, आता मला गुदगुल्या होतील. झाल्या, चार दिवस. नंतर लक्षात आलं की मी स्वतःच्या हातानं केवढा घात केला होता. जो येईल तो त्या चित्रासमोर उभा राहून म्हणणार, "वा, भातसा!" पाणी माझ्या नदीचं आणि नाव तिचं. मी माहेरी गेले की त्या भिंतीकडे पाठ करून बसायचे. वहिनी म्हणायची, "शकूताईंना उजेड डोळ्यावर येतो."

असं मी किती वर्षं गिळलं! दादा निवृत्त झाला, केस पांढरे झाले, खडकावर उतरताना काठी लागायला लागली. एकदा गणपतीत मी माहेरी गेले होते. दादाचा एक जुना विद्यार्थी, आता स्वतःच टकला झालेला, बायकोला घेऊन आला होता. चित्रासमोर उभा राहून म्हणाला, "सर, ह्या पाण्यात हात बुडवावासा वाटतो."

दादा खूश होऊन म्हणाला, "बुडव की. भातसेचंच पाणी आहे ते, खरंखुरं."

"काळूचं आहे!" मी म्हटलं.

म्हटलं म्हणजे ओरडलेच. वहिनीच्या हातातल्या मोदकांच्या ताटलीसकट सगळं जागच्या जागी थांबलं. आता तोंडातून गेलंच होतं, तर मी सगळं सांगून टाकलं. शेवगा, पायऱ्या, बोटानं ढवळलेला निळा रंग, सगळं. त्या टकल्या विद्यार्थ्याला कुठं बघावं कळेना, त्यानं गणपतीकडे बघितलं.

दादा शांतपणे उठला. चष्मा लावला. चित्राजवळ गेला आणि काचेवर बोट न टेकवता वरून खाली नेत विचारलं, "पहिल्या हातानंतर?"

"हो. तू आंघोळीला गेलास तेव्हा."

"म्हणजे आभाळ भातसेचं," तो स्वतःशीच म्हणाला, "आणि पाणी काळूचं."

मी म्हटलं, "दादा, रागावलास?"

"पाणी निवळू दे," एवढं बोलून तो आत जाऊन पडला.

घरी आल्यावर मला चैन पडेना. आठवडा झाला, फोन नाही. पंधरवडा झाला, नाही. मी केला तर वहिनी उचलायची, "नदीवर गेलेत." संध्याकाळी केला तरी नदीवर. नवरात्र गेलं, दसरा गेला. आजवर तो उशिरा येतो म्हणून मी धुसफुसत होते. आता तो येईल की नाही हाच प्रश्न होता. आमचे हे म्हणाले, "एवढ्या वर्षांची चोरी, तीही आपल्या तोंडानं सांगितलीस. गप्प बसली असतीस तर?" मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा." रागाच्या भरात एके दिवशी मागच्या पायरीवर बसून मी काळूलाही बोलले. "तुझ्यापायी माझा भाऊ गेला," म्हटलं. ती आपली वाहत होती.

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी मी डोक्याला तेल चोपडून, जुन्या मॅक्सीत, हातात खराटा घेऊन अंगणात होते. फाटक वाजलं. दादा! एका हातात काठी, काखेत जुन्या चादरीत बांधलेलं भलंमोठं काहीतरी. मी आत भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. साडेसात.

साडेसात म्हणजे काय ते तुम्हाला आता माहीत आहे. दोन उंबरांमधून ऊन धुक्यात शिरायची वेळ. ती दहा मिनिटं सोडून, पहिली एसटी धरून माझा भाऊ माझ्या दारात उभा होता. सबंध आयुष्य ज्या क्षणाची वाट बघितली तो आला, आणि माझं ताट तयार नाही, केस विंचरलेले नाहीत, आणि कुंपणापलीकडे काकू आ वासून बघताहेत. विजयाची घडी अशी मॅक्सीत यावी!

धावपळ करून ओवाळलं. दादानं चादर सोडली आणि ते चित्र माझ्यापुढे पाटावर ठेवलं. ताटात मावण्यासारखं नव्हतंच.

"हे तुझं," तो म्हणाला. "माझ्याकडे राहिलं होतं."

"अरे, पण मी काळूचं मागितलं होतं. ही तर भातसा!"

"शकू, भावानं बहिणीच्या घरी द्यायला यायचं असतं. न्यायला नाय. चित्र काढलं की नदी आपण घेऊन जातो गं. तुला दिलेल्या घरातली नदी मी कशी नेऊ? म्हणून इतकी वर्षं काळूला हात लावला नाय. आणि तू माझ्या बरणीतून ती माझ्याच घरी पाठवलीस. मला कळलं त्या दिवसापासून भिंतीकडे बघवेना. तुझ्या घरचं पाणी आहे ते. तुझ्या घरी असू दे."

जन्मभर मी समजत होते, याला काळू आवडली नाही. आणि हा माणूस ती माझी म्हणून तिला जपत होता. डोळे भरून आले, पण स्वभाव जातो कुठं? मी म्हटलं, "मग आता मीच सांगते, खुशाल ने. मी देतेय. काढ काळूचं चित्र."

तो हसला. हात बघितले स्वतःचे. वयानं ते थोडे थरथरायला लागले होते. म्हणाला, "बघू. पाणी निवळू दे."

यांनी खिळा ठोकला आणि भातसा माझ्या घरात लागली. जिच्यापायी मी जन्मभर जळले, ती समोरच्या भिंतीवर. सकाळी चहाचा पहिला घोट घेताना पहिलं दर्शन तिचं. येणारे-जाणारे म्हणतात, "वा, भातसा वाटतं!" मी म्हणते, "आभाळ तेवढं भातसेचं." आणि मग सगळी गोष्ट सांगते. यांना ती इतकी पाठ झालीय की शेवगा आला की ते उठून जातात.

काळूचं चित्र झालं नाही. गेल्या वर्षी ज्येष्ठात दादा गेला. दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. वहिनी फोनवर एवढंच म्हणाली, "सकाळी नदीवर जाऊन आले होते, ताई." मी पोचले तेव्हा बरणी मोरीपाशी धुऊन उपडी घातलेली होती. वहिनीनं ती माझ्या पिशवीत घातली. मी नको म्हटलं नाही. अस्थी अर्थातच भातसेत गेल्या. तो शेवटी तिच्याच वाट्याला जाणार हे मला ठाऊक होतं. मी खडकापर्यंत गेलेच नाही, वरच उंचवट्यावर उभी राहिले. तशा वेळीसुद्धा मनात आलं, घे बाई, जिंकलीस.

मग भाऊबीज आली. आदल्या दिवशी काकू कुंपणाशी आल्या. या वेळी आवाज अगदी मऊ. "शकू, भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात गं. मी येते सोबतीला." मी हो म्हटलं. पण पहाटे जाग आली, आणि मी ताट, निरांजन, कुंकवाची डबी आणि ती बरणी पिशवीत भरून पहिल्या एसटीत बसले. यांनी नुसता स्वेटर पुढे केला.

खडकाजवळ पोचले तेव्हा धुकं होतं. लहानपणानंतर मी त्या खडकावर बसले नव्हते. तो आठवत होता त्यापेक्षा लहान होता. निरांजन लावलं, विझलं. पुन्हा लावलं, पुन्हा विझलं. मी चिडून भातसेला म्हटलं, "निदान आज तरी!"

"कोन गो?" खालून आवाज आला.

गुडघाभर पाण्यात एक म्हातारी दगडाखाली हात घालून खेकडे धरत होती. ही सोमीच असणार, काठावरच्या वाडीतली कातकरीण. दादाच्या तोंडून हे नाव मी शंभरदा ऐकलं होतं. तो खडकावर चित्रं काढायचा तेव्हा ती खाली मासे, खेकडे धरायची. एवढ्या वर्षांची त्यांची शेजारगत. मी सांगितलं, मास्तरांची बहीण.

"मास्तरांची भैन? म्हंजे काळूवाली तू?" ती कंबर सरळ करून माझ्याकडे बघायला लागली. "आमी वाडीत तुला काळूवालीच म्हनतो."

"मला? का?"

"का म्हंजी? मास्तर हितं बसून दुसरं काय बोलायचं? काळूचं पानी हिरवं हाय, काळूला चार पायऱ्या हायेत, पावसात दोन बुडतात. पल्याड धवला दगूड हाय, त्यावर बगळं सांजच्याला येतात. मी तिकडं कदी गेली नाय, पन आंधळी झाली तरी ती नदी वळखीन. मी म्हनायची, मास्तर, हिच्या म्होरं तिचं नाव नका काढू. हिला राग येल. हितलं खाता आन तिचं गाता."

मी ताट खडकावर ठेवलं.

"येक डाव इचारलं मी," सोमी म्हणाली, "येवढी चांगली हाय तर भैनीला तिकडं कशाला दिली, तुमी जायचं व्हतं. तर म्हनतात, माजी भैन ल्हानपनी हितं बरनी धरून बसायची. नदीबिगर तिला करमायचं नाय. म्हनून म्यां पोरगा नाय बगितला, नदी बगितली."

धुक्यात ऊन शिरलं ते तेव्हाच. दोन उंबरांच्या मधून, अगदी ठरल्यासारखं. मी ते लहानपणी इतक्यांदा बघितलं होतं आणि कधीच बघितलं नव्हतं, माझं लक्ष कायम बरणीकडे. भातसेकडे बघितलं. इतकी वर्षं बिचारीनं माझ्या नदीचं कौतुक ऐकून घेतलं, आणि तेही तिच्याच काठावर बसलेल्या माणसाच्या तोंडून. म्हणजे जळणारी मी एकटी नव्हते. हे कळल्यावर मला जेवढं रडू आलं तेवढंच, खरं सांगते, बरंही वाटलं.

सोमीनं दोन्ही हातांचा आडोसा केला तेव्हा कुठं निरांजन टिकलं. मी नदीला ओवाळलं. कुंकू पाण्यात सोडलं. आणि सवयीनं ताट पुढे धरून तशीच उभी राहिले. दादा खिशात हात घालायला नेहमी वेळ लावायचा.

सोमीनं माझ्याकडे बघितलं, ताटाकडे बघितलं. मग पाटीतून गवतानं बांधलेले दोन मोठे खेकडे काढून ताटात, निरांजनाशेजारी ठेवले.

"ववाळलंस ना? घे मग. मास्तर नाय, तर तिनं घातलं म्हनायचं."

खेकडे पिशवीत खुडबुडत होते, एसटीतली माणसं पाय आवरून बसली होती. बरणीही मी भरून घेतली होती, भातसेच्या पाण्यानं. ती आता चित्राखाली ठेवली आहे. एवढं मी तिच्यासाठी केलं. त्याहून जास्त अपेक्षा तिनं माझ्याकडून करू नये.

दुपारी खेकड्यांचा रस्सा केला. खेकडे भातसेचे होते, चव होती यात वाद नाही. पण आधणाला पाणी मी मागच्या दारी उतरून, चार पायऱ्यांखालून, काळूचंच आणलं.